हसायचं कुणाला?

(पोस्टर-शिबिरात केलेली मांडणी)



पिसांची मोठी हॅट घातलेली, दात विचकणारी कवटी तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असेल. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. घरोघर झेंडूची फुलं, पाव, मेणबत्त्या मांडून गेलेल्यांना बोलावतात. ही कवटी, 'कात्रिना', आज त्या सणाची खूण झाली आहे.

ती कोरली होसे ग्वादालुपे पोसादाने. १८५२चा जन्म, छापखान्यात शिकलेला. १८८८च्या सुमारास तो मेक्सिको शहरात आला आणि व्हानेगास आरोयो या प्रकाशकाच्या स्वस्त पत्रकांसाठी चित्रं कोरू लागला. खून, भूकंप, चमत्कार, आणि सणाला सांगाडे. पुढारी असो की हमाल, हाडं सारखीच. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळे. १९१३ मध्ये तो गरिबीत वारला.

पण कात्रिना मुळात कोण होती? पोसादाच्या चित्राचं नाव होतं 'गार्बान्सेरा'. मूळनिवासी वंशाच्या असून युरोपीय मडमेसारखं नटणाऱ्या, आपलं मूळ नाकारणाऱ्या कष्टकरी बायकांना हिणवायचा तो शब्द. पॅरिसची नक्कल तर सत्ताधारी वर्गही करत होता. पण इथे हशा पिकला तो मोलकरणीच्या हॅटवर. पुढे १९४७ मध्ये दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्या कवटीला पूर्ण अंग आणि उंची पोशाख दिला, शेजारी पोसादाला उभं केलं. मग ती श्रीमंत बाई म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मोलकरीण विसरली गेली.

मरणापुढे सगळे सारखे, असं हे सांगाडे सांगतात. पण मरण सगळ्यांकडे सारखं येत नाही. सिउदाद हुआरेसमध्ये १९९३पासून बायकांच्या खुनांची नोंद होऊ लागली. त्यांत कारखान्यांत राबणाऱ्या तरुण मुली होत्या. त्यांच्या घरच्यांनी खांबांवर गुलाबी आणि काळ्या रंगात क्रूस रंगवले. आता मृतांच्या सणाला स्त्री-संघटना खून झालेल्या बायकांची नावं आणि फोटो मांडून चौकात वेदी उभारतात. सण तोच, झेंडू तोच. पण त्यातून आता जाब विचारला जातो.

आपणही पोस्टर काढतो, व्यंगचित्रं काढतो. 'नटवी सून', 'भांडकुदळ सासू' चटकन हसवतात. ब्रश उचलण्यापूर्वी एवढंच विचारू या: हे हसू सत्तेला बोचतंय, की आपल्याच एखादीला?