शिडाच्या होडीला परतीची तारीख नसते

‘तारिणी’वरच्या सहा जणींची गोष्ट आम्ही मागे सांगितली, तेव्हापासून बैठकांमध्ये लाटांबद्दल, वादळांबद्दल पुष्कळ विचारणा झाली. एका मावशींचा प्रश्न मात्र वेगळा होता. “पोरी निघाल्या ते समजलं. पण निघायच्या आधी काय काय ठरवलं असंल?” आज त्याबद्दलच बोलू.

ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात. १० सप्टेंबर २०१७ ला नौदलाच्या सहा अधिकारी गोव्याहून शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परत आल्या. दिवस लागले २५४. प्रमुख होत्या वर्तिका जोशी. जोशी म्हणजे आपल्याकडच्या असं समजू नका, त्या उत्तराखंडच्या. प्रतिभा जामवाल हिमाचलच्या, विजया देवी मणिपूरच्या. म्हणजे नागपूरसारखंच, घरापासून समुद्र लांब.

वर्तमानपत्रांनी निघण्याचे आणि परतण्याचे फोटो छापले. त्याआधीच्या सरावाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, आणि आम्हाला तोच भाग जास्त मोलाचा वाटतो. ‘म्हादेई’ नावाच्या ज्या नौकेतून दिलीप दोंदे या आपल्या मराठी अधिकाऱ्याने २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती, त्याच नौकेवर या मुली शिकल्या, दोंदे यांच्याच हाताखाली. मॉरिशसला गेल्या, केपटाऊनला गेल्या. पण त्याच्याही आधी, २०१६ साली, विशाखापट्टण ते गोवा हा प्रवास झाला. आपण तोच समोर धरू. आपल्या नाग नदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं करत गोदावरीत जातं, आणि विशाखापट्टणहून दक्षिणेला निघालेली होडी गोदावरीच्या मुखावरूनच पुढे जाते. तेव्हा हा रस्ता आपल्यालाही अगदीच परका नाही.

पहिला प्रश्न, कधी निघायचं? हिवाळ्यात, हे खरं. पण दिवाळीनंतर आपल्याकडे आभाळ मोकळं होतं तेव्हा तमिळनाडूत पावसाळा भरात असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने. म्हणून संक्रांत होऊ द्यायची, मग निघायचं. तेव्हा ईशान्येचा वारा असतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्या होडीच्या पाठीशी. खाली जाणं त्यामानाने सोपं.

नकाशावर बोट फिरवलं तर वाटतं, रामेश्वरावरून वळलं की झालं. पण रामसेतूपाशी पाणी उथळ. खोल बुडाची होडी तिथून जात नाही, तिला सगळ्या श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून तर मोठमोठ्या मालवाहू जहाजांची सतत ये-जा. रात्री त्यांना लहान होडी दिसेलच असं नाही. तिथे डोळा लागून चालत नाही.

मग कन्याकुमारी आणि पश्चिम किनारा. इथून हिशेब उलटा होतो. सकाळी जमिनीकडून मतलई वारा, दुपारी समुद्राकडून खारा वारा, हे आपण शाळेत शिकलोच. हा दुपारचा वारा बराचसा वायव्येचा असतो, आणि उत्तरेला गोव्याकडे जाणाऱ्या होडीच्या तो तोंडावर येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही, तिला तिरपं जाऊन पुन्हा उलटं तिरपं यावं लागतं. शंभर मैलांचे दीडशे होतात.

आणखी एक. किनारा जवळ म्हणजे सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. होडीवाल्यांना नेमकं उलटं वाटतं. खडक किनाऱ्याजवळ, उथळ वाळू किनाऱ्याजवळ, मासेमारीची जाळीही तिथेच. सुकाणूत जाळं अडकलं तर भर रात्री पाण्यात उतरायचं कुणी? म्हणून वादळाची चाहूल लागली आणि बंदर सहज गाठता येत नसेल, तर होडी जमिनीपासून लांब नेतात.

आता हिशेबाची वही काढू. आकडे आमचे, ढोबळ. वळशासकट अंतर दीड हजार सागरी मैलांच्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. ताशी पाच मैल धरले तर चोवीस तासांत १२० मैल होतात; एस.टी. पाच-सहा तासांत जेवढं जाते तेवढंच. म्हणजे तेरा दिवस. पण किराणा तेरा दिवसांचा भरत नाहीत, वीस दिवसांचा भरतात. पिण्या-रांधण्याला माणशी चार लिटर पाणी धरलं तर सहा जणींना वीस दिवसांचं ४८० लिटर. आंघोळ, भांडी समुद्राच्या पाण्यात. ‘तारिणी’वर खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र प्रवासात बंद पडलं होतं, तेव्हा त्यांनी पावसाचं पाणी धरून दिवस काढले. यंत्र आहे म्हणून टाकी अर्धी ठेवली, असं तिथे चालत नाही.

झोपेचाही हिशेब असतो. दोघी दोघींचा पहारा, बाकीच्यांनी त्या वेळात झोपायचंच. झोप येत नाही म्हणून गप्पा मारत बसलं तर पुढच्या पहाऱ्याला माणूस निकामी. घरात सगळ्यांच्या मागून झोपायचं नि सगळ्यांच्या आधी उठायचं, ही आपली सवय होडीवर धोक्याची ठरते.

आता परतीची तारीख. आपल्यातली कुणी चार दिवस प्रशिक्षणाला निघाली तरी घरचे आधी विचारतात, येणार कधी? होडीवर अंदाज सांगतात, शब्द देत नाहीत. शब्द दिला की तो पाळण्यासाठी माणूस नको त्या वाऱ्यात शीड ताणतो. ‘तारिणी’चे थांबे चार ठरले होते : फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. पण केपटाऊननंतर घर जवळ आलेलं असताना सुकाणूची यंत्रणा बिघडली. मग मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात पाचवा थांबा घेतला, दुरुस्ती केली आणि तिथून पुढे निघाल्या. जाऊ तसंच रेटत, असं केलं नाही. म्हणून वळायचं कधी, थांबायचं कधी आणि शेवटचा निर्णय कुणाचा, हे बंदर सोडण्याआधीच ठरवून ठेवतात. ऐन लाटेत मतदान घेता येत नाही.

बऱ्याच जणींनी विचारलं, आमच्या मुलींना हे शिकता येईल का? एनसीसीच्या नौदल विभागात मुलींनाही शिडाची होडी चालवायला शिकवतात. कॉलेजात प्रवेश घेताना त्याची चौकशी करा. पोहता येणं मात्र आधी हवं, त्याची सुरुवात या उन्हाळ्यातच करता येईल.