फळा, वही आणि चौकट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे 'संगणकाचे शब्द, सोप्या भाषेत'. फोन आपण सगळेच वापरतो. अडते ते शब्दांपाशी. बँकेत किंवा घरी मुलांनी 'सेव्ह केलंस का?', 'ब्राउझर कुठला आहे?' असे विचारले की आपण नुसती मान डोलावतो. न कळलेल्या शब्दाला मान डोलावणे हल्ली महाग पडते. म्हणून आज मोजकेच शब्द घेते.

पहिली जोडी रॅम आणि स्टोरेज. रॅम म्हणजे वर्गातला फळा. चालू तासाचे सगळे त्यावर असते, पण वीज गेली की फळा कोरा. स्टोरेज म्हणजे आपली वही. 'सेव्ह' करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवून घेणे. फोन विकत घेताना दुकानदार '८ आणि १२८' म्हणतो, तेव्हा ८ जीबीचा फळा असतो आणि १२८ जीबीची वही. फोटो मावत नसतील तर वही भरली आहे. फोन अडखळत चालत असेल तर बहुधा फळा अपुरा पडतो आहे.

दुसरी जोडी इंटरनेट आणि ब्राउझर. आपण शाळेत होतो तेव्हा, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. इंटरनेट म्हणजे रस्ता. त्या रस्त्यावरून ईमेल जाते, व्हॉट्सअ‍ॅप जाते, पैसेही जातात. वेबसाइट म्हणजे रस्त्याकडेचे दुकान आणि क्रोमसारखा ब्राउझर म्हणजे तिथे नेणारी गाडी. गूगल हा पत्ता सांगणारा माणूस. तो सांगेल ते दुकान खरेच असेल, याची हमी तो देत नाही.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? वेबसाइटच्या पत्त्यालाही आडनाव असते आणि ते आपल्यासारखेच शेवटी येते. पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि उजवीकडून मागे वाचा. 'अमुकबँक डॉट कॉम डॉट तमुक डॉट इन' असा पत्ता असेल, तर ते दुकान तमुकचे आहे. बँकेचे नाव नुसते पाटीवर रंगवलेले आहे. रिझर्व्ह बँकेने आता आपल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे खास आडनाव ठेवले आहे, ते बघायची सवय लावा. पत्त्याशेजारच्या कुलपावर विसंबू नका. वाटेत कोणी तुमचे बोलणे ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडचा माणूस सज्जन आहे की नाही, ते कुलपाला ठाऊक नसते.

फाइलचेही तसेच. फोटोच्या नावाशेवटी 'जेपीजी' असते, कागदपत्राच्या शेवटी 'पीडीएफ'. 'एपीके' म्हणजे मात्र अ‍ॅप. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' दिसले तर ती उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. तरीही फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. उशीर होईल तितके पैसे पुढे सरकत जातात.

आता माझा आवडता विषय, स्प्रेडशीट. गणिताच्या सरांना हे ऐकून बरे वाटेल, की तिचा जन्म फळ्यामुळे झाला. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डचा विद्यार्थी. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. त्याच्या मनात आले, फळ्यानेच पुढचे आकडे बदलले तर? बॉब फ्रँकस्टनच्या साथीने त्याने केलेले 'व्हिसिकॅल्क' १९७९ मध्ये बाजारात आले. एक्सेल आले १९८५ मध्ये.

यात शब्द चारच. आडवी ती रो, उभा तो कॉलम, दोन्ही मिळतात ती चौकट म्हणजे सेल. कॉलमला अक्षर, रोला आकडा, म्हणून सेलचे नाव 'सी ५'. चौथा शब्द फॉर्म्युला. तो नेहमी बरोबरच्या चिन्हाने सुरू होतो. ते चिन्ह दिसले की एक्सेल समजते, हे नुसते लिहून ठेवायचे नाही, सोडवायचे आहे.

याच मेळाव्याचा हिशेब घ्या. ४० जणांनी प्रत्येकी १५०० रुपये दिले, म्हणजे ६०,००० व्हायला हवेत. यादीतली बेरीज आली ५८,५००. 'कोणीतरी दिलेले नाहीत' अशी कुजबुज सुरू झाली, दोघातिघांची नावेही घेतली गेली. प्रत्यक्षात सर्वांचे पैसे जमा होते. एका चौकटीत आकड्यापुढे 'रु.' टाइप झाले होते. त्यामुळे एक्सेलने त्याला आकडा न मानता शब्द मानले आणि बेरजेतून वगळले. ओळखण्याची खूण सोपी आहे: आकडे आपोआप उजवीकडे चिकटतात, शब्द डावीकडे. त्या कॉलममध्ये एकच चौकट डावीकडे सरकलेली होती. आपल्यातल्या चारजणांना जरी ही खूण माहीत असती, तरी कोणावर संशय घ्यायची वेळ आली नसती. एक्सेलची बेरीज चुकत नाही, पण आपण तिला काय दिले ते आपणच पाहायचे असते.

माझी एक विनंती आहे. यंदाच्या निधीचा हिशेब मी सगळ्यांना पाठवते आहे. तो खजिनदाराने पाहिला म्हणून सोडून देऊ नका. उघडा, आपले नाव शोधा, बेरजेच्या सेलवर बोट ठेवून वर कोणता फॉर्म्युला दिसतो ते वाचा.

आणि सर, बाई, तुम्हाला खास सांगते. एकच शंका पाच वेळा विचारली तरी तुम्ही आम्हाला पाचही वेळा उत्तर दिलेत. आता विचारायची पाळी तुमची आहे. जेवणानंतर मी आपल्या जुन्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. फोन घेऊन या, जो शब्द अडला असेल तो विचारा. घाई कोणालाच नाही.