मिनिटाला तीस शब्द

(परभणी जिल्ह्यातील बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनाचा वेग कसा वाढवावा यावर मी बोलावं असं ठरलंय. विषय ऐकून काहीजणी हसल्या. इथं वाचायलाच सवड नाही, भरभर वाचायचं कुठून! पण ज्यांनी कचेरीत कागद हातात घेऊन माणसं खोळंबलेली पाहिली आहेत, त्या हसल्या नाहीत.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झालं. साक्षर कुणाला म्हणायचं याची मोजपट्टी त्यांनी ठरवली होती. सोपा उतारा मोठ्यानं वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनात वाचताना ३५. आपल्यातल्या काहीजणींच्या आया, सासवा त्याच काळातल्या वर्गांत शिकल्या. ३० शब्द ही काही लहान गोष्ट नव्हती. पण आता हक्कसोडपत्र घ्या. पानाला अडीचशे शब्द धरले तर चार पानांचे हजार झाले. मिनिटाला ३० शब्दांनी ३३ मिनिटं लागतात, तीही मजकूर सोपा असेल तर. दस्ताचा मजकूर सोपा नसतो, आणि बाईला ३३ मिनिटं कुणी देत नाही.

एक प्रसंग सांगते, त्यात चूक माझी आहे. आमच्या वर्गाला येणाऱ्या एका ताईंच्या भावानं राहत्या घरातला हिस्सा सोडून द्यायला सांगितलं. ताईंची तयारी होती. शेतातला हिस्सा मात्र सोडायचा नव्हता. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली बदल केला, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची हक्कदार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी सोबत गेले. कार्यालयात गर्दी, भाऊ घाईवर आलेला. ताई बोट ठेवून पहिल्याच पानावर होत्या. कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमचं वाचून होईस्तोवर हापिस बंद होईल." ताईंनी कागद माझ्याकडे दिला. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, रोज ढीगभर कागद वाचणारी. सरसर नजर फिरवली आणि म्हटलं, "बरोबर आहे." अधिकाऱ्यानं विचारलं, दस्त कबूल आहे का? ताई हो म्हणाल्या. फोटो, अंगठा, सही, सगळं झालं.

पुढे फेरफाराची नोटीस आली. ती ताईंनी घरी, चुलीपाशी बसून, हळूहळू वाचली. घराच्या जोडीला तीत शेताचा गट नंबर होता. दस्तातही तो होता. तिसऱ्या पानावर, लांबलचक वाक्याच्या मध्यात. माझी नजर त्यावरून गेली होती, पण मी तो वाचला नव्हता.

म्हणून वेग म्हणजे काय हे आधी नीट समजून घेऊ. तासाभरात पुस्तक संपवायला शिकवणारे क्लास असतात. अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी असे वर्ग १९५९ मध्ये सुरू केले आणि ते गाजले. वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१६ मध्ये सगळं संशोधन तपासून सांगितलं की वेग फार वाढवला तर समज कमी होतेच. शब्द ओळखीचे असणं आणि पुष्कळ वाचणं, याला दुसरी वाट नाही.

पण फार हळू वाचलं तरी समज जाते. आपलं मन थोडेच शब्द, तेही काही सेकंदच धरून ठेवतं. 'क-र्जा-ची' असं अक्षर लावत गेलं की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात निसटते. आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं, 'नाही'सुद्धा शेवटी येतं. म्हणजे सगळा अर्थ उलटवणारा शब्द नेमका आपण थकल्यावर भेटतो.

आमच्या वर्गात आम्ही आधी ओव्या छापून दिल्या. बायका काय झरझर वाचायला लागल्या! दोन दिवसांनी लक्षात आलं, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. ओव्या त्यांना पाठच होत्या. मग गटाच्या ठरावाची वही घेतली. विषय ओळखीचा, शब्द पाठ नसलेले. एकच उतारा तीनदा वाचायचा, दरवेळी घड्याळ लावायचं. घड्याळानं नवीच पंचाईत केली. एकीनं घाईत 'रक्कम भरली नाही तर' याचं 'भरली तर' केलं. तेव्हापासून नियम असा, की वही मिटून काय वाचलं ते सांगता आलं तरच वेळ धरायची.

पेन्सिलीनं वाक्याचे घास पाडतो: कर्जाची रक्कम / तीन हप्त्यांत / परत करावी. नजर घासाघासानं पुढे न्यायची. हक्क, क्षेत्र, हिस्सा, मोबदला, स्वखुशीने हे शब्द तक्त्यावर लिहून बघताक्षणी ओळखू येईपर्यंत गिरवले. जोडाक्षरं आणि रफार इथंच बायका अडखळतात. आणखी एक, चाळिशी! "मला वाचताच येईना झालंय, विसरले" म्हणणाऱ्या कितीतरी जणींना जवळचा चष्मा हवा होता, दुसरं काही नाही. याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

एवढं करूनही सही करायच्या जागी घाई होणारच. त्यासाठी दस्ताचा मसुदा आदल्या दिवशी घरी मागायचा. देत नसतील तर सही पुढच्या दिवसावर. हातात आला की आधी नावं, मग गट नंबर आणि क्षेत्र जितक्या ठिकाणी असेल तितक्या ठिकाणी खूण करायची, मग प्रत्येक वाक्याचा शेवट पाहायचा. मग पहिल्यापासून वाचायचं. कुणी "काय वाचत बसलीस" म्हणालं तर म्हणू द्या. घरात पुरुष पेपर उघडून बसला तर त्याला कुणी असं विचारत नाही.

त्या ताईंनी मुदतीत तलाठ्याकडे हरकत नोंदवली. पण नोंदलेला दस्त असा रद्द होत नाही, त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. दावा चालू आहे. भावाचं येणंजाणं बंद झालंय, पंचमीला त्या माहेरी गेल्या नाहीत. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, "तुमी वाचलं म्हणून मी वाचलं न्हाई, चूक दोघींची." मला ते पटलेलं नाही. वकिलाकडून कागद आला की आता आधी त्या वाचतात, मी शेजारी गप्प बसते. मागच्या वेळी दोन पानांना वीस मिनिटं लागली.