निघून गेलेल्यांची यादी



अध्यक्षानं भाषणात विषयाचा आढावा घ्यावा, उणिवा दाखवाव्यात आणि शेवटी शासनाकडे चार मागण्या कराव्यात, अशी आपल्याकडे रीत आहे. मागण्या आपण उद्याच्या ठरावांत करणारच आहोत. मी आज तुम्हांला फक्त एका माणसाची हकीकत सांगणार आहे. हा माणूस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याचा. नाव जेम्स सी. मॅलिन. आयुष्यभर त्यानं शेतकऱ्यांच्या वस्त्यांचा इतिहास लिहिला, आणि तोही अशा आडमुठेपणानं, की त्याच्या हयातीत त्याला वाचणारे थोडे आणि त्याच्यावर चिडणारे पुष्कळ.

माझी त्याची गाठ पडली ती योगायोगानं. मुलीकडे कॅन्सस सिटीला दोन महिने होतो. घरात बसून कंटाळलो, तेव्हा जावई मला लॉरेन्सच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सोडून कामावर जाऊ लागले. तिथं एक विचित्र पुस्तक हाती लागलं. पानं छापल्यासारखी दिसत नव्हती, टंकलेखन यंत्रावर बडवलेली दिसत होती. मला वाटलं, कुणाचा तरी प्रबंध चुकून या फळीवर आला. पण ते १९४७ सालचं उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशावरचं मॅलिनचं गाजलेलं पुस्तक निघालं. लेखकानं स्वतः टंकलेखन करून, त्या पानांवरून ऑफसेटनं छापून, स्वतःच्या खर्चानं काढलेलं! पुढची कितीतरी पुस्तकं त्यानं अशीच काढली. संपादकाची पेन्सिल त्याला सोसत नसे. याचा तोटाही झालाच. त्याचं गद्य इतकं खडबडीत आहे, की पानं उलटताना ढेकळांतून चालल्यासारखं वाटतं.

जन्म १८९३चा, नॉर्थ डकोटातला. दहा वर्षांचा असताना घरची मंडळी कॅन्ससात, एडवर्ड्स परगण्यात येऊन राहिली. म्हणजे तो स्वतःही स्थलांतरिताचाच पोर. पुढे बेकर विद्यापीठात इतिहासाबरोबर जीवशास्त्र शिकला. १९२१मध्ये कॅन्सस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, त्याच वर्षी तिथंच नोकरी लागली आणि १९६३मध्ये सत्तरीला तिथूनच निवृत्त झाला. १९७९मध्ये वारला. नोकरीची हकीकत एवढीच. बाकीचा सगळा माणूस त्याच्या टिपणवह्यांत आहे.

आता एक अडचण आधीच दूर करतो. ‘गाव’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेस, पार, चावडी उभी राहते. कॅन्ससात यातलं काही नाही. तिथं सरकारनं नकाशावर आधी चौकटी आखल्या. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं त्यातला पाव तुकडा, म्हणजे १६० एकर, पाच वर्षं कसणाऱ्याच्या नावावर होई. जो तो आपापल्या शेतात घर बांधून राही. शेजाऱ्याच्या घरचा दिवा दिसला तर दिसला. अशा ठिकाणी ‘समाज’ कुठं शोधायचा? चावडीवर बसून म्हातारी माणसं जुन्या गोष्टी सांगतील, तर चावडीच नाही. मॅलिननं तो याद्यांमध्ये शोधला.

अमेरिकेची खानेसुमारी शून्यानं संपणाऱ्या वर्षी होते. कॅन्सस राज्यानं १८६५पासून १९२५पर्यंत दर दहा वर्षांनी आणखी एक आपली स्वतःची खानेसुमारी केली, ती पाचानं संपणाऱ्या वर्षी. दोन्ही मिळून दर पाच वर्षांनी घराघरातल्या माणसांची नावनिशी हाती येते. (१८९०च्या केंद्रीय खानेसुमारीची बाडं १९२१मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत नासली. पण कॅन्ससकडे स्वतःची १८८५ आणि १८९५ची होती! वरच्या दप्तरावर विसंबून राहू नये, आपलं आपण जपावं, हे मी त्या दिवशी मनाशी लिहून ठेवलं.) तोवर या बाडांचा उपयोग आकड्यांच्या बेरजेसाठी व्हायचा. मॅलिननं बेरजा बाजूला ठेवल्या आणि नावं वाचायला घेतली. कॅन्ससात पूर्वेला वर्षाला सुमारे चाळीस इंच पाऊस, पश्चिमेच्या सीमेवर वीस इंचांहून कमी. पावसाप्रमाणे राज्याचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातल्या काही टाउनशिपा त्यानं निवडल्या. १८६०च्या यादीतला शेतकरी १८६५च्या यादीत आहे का? तो नसेल तर त्याचा मुलगा? १८७०मध्ये? असं करत १९३५पर्यंत. संगणक नव्हता, छिद्रांची कार्डंही हाताशी नव्हती. बोट ठेवून नाव वाचायचं आणि पुढच्या बाडात हुडकायचं.

१९३५च्या नोव्हेंबरात राज्याच्या ऐतिहासिक त्रैमासिकात हा निबंध आला. निष्कर्ष असा की पहिल्या काही दशकांत दहा वर्षांच्या आत निम्म्याहून जास्त शेतकरी निघून गेले होते. आणि हे फक्त कोरड्या पश्चिमेत नाही, भरपूर पावसाच्या पूर्वेतही. माणसं नंतर हळूहळू स्थिरावत गेली. ‘आमच्या पूर्वजांनी ही जमीन फोडली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसली’ असं प्रत्येक परगण्याच्या स्मरणिकेत लिहिलेलं असे. स्मरणिका लिहिणारे अर्थातच राहिलेल्यांचे नातू होते. गेलेल्यांचे नातू कुठं असतील देव जाणे, त्यांना देणगीही मागितलेली नव्हती.

या निबंधाचं वर्ष तुमच्या लक्षात आलं असेल. १९३५च्या १४ एप्रिलला त्या मैदानांवर असं धुळीचं वादळ उठलं, की तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. मंदीचे दिवस, शेतकरी परागंदा होताहेत, आणि सरकारी माहितीपट सांगतोय की लोभी नांगरानं गवत उपटलं म्हणून माती उडाली. मॅलिनला हे पटेना. तो टोपीकाच्या ऐतिहासिक संस्थेत जाऊन बसला. तिथं राज्यातली जुनी वर्तमानपत्रं शिस्तीनं साठवलेली आहेत. कुठल्या संपादकानं कुठल्या तारखेला ‘आज धुळीमुळे समोरचं दुकान दिसेना’ असं लिहिलंय, ते त्यानं टिपलं. १८५०पासून १९००पर्यंत. १९४६मध्ये तीन भागांत हे छापून आलं. फारसं रान नांगरलेलंच नव्हतं, त्या १८५०च्या दशकातही धूळ उडत होती! वणवा, अवर्षण, गव्यांचे कळप आणि वारा यांनी ती जमीन आधीपासूनच अस्थिर होती, असं त्याचं म्हणणं.

इथं मी त्याची वकिली आवरती घेतो. धूळ पूर्वीही उडत होती, हे खरं. म्हणून १९३५ची धूळ नांगरानं वाढवली नाही, असं सिद्ध होत नाही. मॅलिनला रूझवेल्टच्या सरकारचा, नियोजनाचा, तज्ज्ञांनी शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याचा मनस्वी तिटकारा होता. सरकार शेतीत शिरलं की हुकूमशाही उंबऱ्यावर आलीच, असं त्याला वाटे. तो राग पुराव्यात मिसळला. १९७९मध्ये, म्हणजे मॅलिन गेला त्याच वर्षी, डोनाल्ड वर्स्टर यांचं धुळीच्या वादळांवरचं पुस्तक आलं. त्यात दोष भांडवली शेतीच्या हव्यासावर ठेवला आहे आणि मॅलिनचा समाचार घेतला आहे. पुढे हेच वर्स्टर मॅलिनच्याच विद्यापीठात मानाच्या पदावर आले. नंतर २००५मध्ये जेफ कन्फर यांनी परगण्यापरगण्याचे आकडे संगणकाच्या नकाशावर मांडले. जिथं नांगर फारसा फिरला नव्हता, तिथंही धूळ उडाली होती. म्हातारा अगदीच चुकला नव्हता तर! वाद मिटलेला नाही. पण वादाच्या दोन्ही वाटा आज मॅलिनच्या टिपणांवरून जातात.

गव्हाची गोष्ट मला त्याहून आवडते. कॅन्सस म्हणजे हिवाळी गहू. तो तिथं कसा आला? शाळेतली पोरंही सांगतात: १८७४मध्ये रशियातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले, त्यांनी पेट्यांतून ‘टर्की’ जातीचं टणक बियाणं आणलं, एका लहान मुलीनं म्हणे दाणा दाणा वेचला होता. मॅलिननं १९४४च्या पुस्तकात ही कथा उसवली. मेनोनाइटांचं श्रेय त्यानं पुसलं नाही. पण त्यांच्या आजूबाजूचे शेतकरी आधीच वसंतातला गहू सोडून हिवाळी गव्हाकडे वळत होते, कुणी मका बुडाला म्हणून, कुणी शेजाऱ्याचं पाहून. टणक गहू जुन्या दगडी जात्यांना नीट दळता येत नसे. गिरणीवाले त्याला भाव पाडून मागत. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्यावर त्याचे दिवस पालटले. एका पेटीऐवजी हजारो शेतकऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या धडपडी, चुका आणि उसनवाऱ्या त्यानं पुढे मांडल्या. पेटीची गोष्ट आजही शाळेत सांगतात. साहजिक आहे, ती सांगायला सोपी आहे.

त्याच्यामागून पुष्कळजण आले. मर्ल कर्टी यांनी १९५९च्या पुस्तकासाठी विस्कॉन्सिनच्या ट्रेम्पेलो परगण्यातल्या एकूण एक माणसांच्या नोंदी कार्डांवर चढवून घेतल्या. जॉन मॅक फॅराघर यांनी १९८६मध्ये इलिनॉयमधल्या शुगर क्रीकचा इतिहास लिहिला. त्यात गेलेले आहेतच, पण राहिलेल्यांनी सोयरिकींतून गाव कसं विणलं तेही आहे. हे दुसरं मॅलिनला साधलं नव्हतं. त्याच्या याद्यांत शेतकरी म्हणजे पुरुष, त्याचा वारस म्हणजे मुलगा. मुलगी जवळच्याच टाउनशिपेत नांदत असली, तरी त्याच्या हिशेबी ते घर ‘गेलं’. एवढा बारकाईचा माणूस, पण निम्मं गाव त्याच्या बोटाखालून निसटलं.

आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५चा. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी प्रसिद्ध केली ती १९१७मध्ये. म्हणजे मॅलिनच्या निबंधाच्या वीसेक वर्षं आधीच आपण गावाकडे वळलो होतो. पण नंतरचे आमचे ग्रामेतिहास, माझे धरून, वाड्यांचे, वतनांचे आणि देवळांच्या जीर्णोद्धारांचे झाले. माझ्या गावाचा इतिहास मी १९८९मध्ये लिहिला, त्यात गाव सोडून गेलेल्यांना दीड ओळ दिली आहे: ‘दुष्काळात काही कुटुंबे मुंबईस गेली.’ काही म्हणजे किती, मी विचारलं नव्हतं.

अमेरिकेहून परतल्यावर मी गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन जनरल रजिस्टर मागितलं. गुरुजींनी कपाट उघडून दिलं, चहाही पाजला. त्या रजिस्टरात शेवटी ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा रकाना असतो. त्या दुष्काळातली, १९७२-७३ची पानं काढली. पहिल्या नावापुढे त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी स्वच्छ अक्षरात ‘पालक परगावी गेले’ असं लिहिलं होतं. त्याखाली प्रत्येक नावापुढे ‘सदर’ची दोन टिंबं. पान संपलं, तरी टिंबं संपली नाहीत. त्यांतली निम्मी नावं मुलींची होती. मी नावं उतरवून घेतली आहेत, आता एकेक हुडकतोय. आतापर्यंत अकरा सापडली: सात मुंबईत, दोन पुण्यात, एक सुरतेला. अकरावी बाई माझ्याच गल्लीच्या टोकाला राहते, लग्न होऊन परत आलेली. तिला भेटायला गेलो, तर म्हणाली, ‘तुमचं पुस्तक वाचलं होतं, दादा. त्यात आम्ही नव्हतो.’