खोक्यावरचं 120

आज टीव्ही, कारण दिवाळीत मी जवळजवळ फसलोच होतो.

आमचं घर अंबडजवळ. मोसंबीचे पैसे आले तेव्हा अण्णा म्हणाले, "एकदाच घे, पण चांगला घे." आईला मालिका बघायच्या, धाकट्याला पीएस फाइव्हवर खेळायचं. 32 इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला होता, म्हणून जालन्यात थेट 55 इंची फोर-के बघायला गेलो.

खोक्यावर मोठ्ठं '120'. मी बीटेक, तरी भुललो! धाकटा म्हणाला, "दादा, हा मोशन रेट आहे. पॅनल किती हर्ट्झचं?" माहितीपत्रक उघडलं. 60. म्हणजे पडदा सेकंदाला 60 वेळाच बदलणार, बाकी जाहिरात. फोर-केमध्ये खरे 120 हवे तर पॅनलही 120 चं लागतं, शिवाय एचडीएमआय 2.1 पोर्ट. त्याची किंमत ऐकून अण्णांचा चेहरा आठवला.

दुकानातला डेमो व्हिडिओ झकासच दिसतो हो! मी म्हटलं, आईचं चॅनेल लावा. साध्या एसडी चॅनेलचं चित्र 55 इंचांवर ताणलं की चेहरे पुसट. आमचा पलंग टीव्हीपासून जेमतेम सहा फुटांवर.

शेवटी 43 इंची, 60 हर्ट्झचा घेतला, पण गेम मोड तपासून. तो लावला की टीव्ही चित्रावरची जास्तीची प्रक्रिया बंद करतो आणि बटण दाबल्यावरचा उशीर कमी होतो. धाकट्याच्या पोर्टला तो लावून ठेवलाय. उरलेल्या पैशांतून ठिबकच्या नळ्या आल्या. धाकटा अजून '120' चा टोमणा मारतो.