चाकाची खीळ

दशरथ राजाच्या रथाची गोष्ट आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. युद्ध ऐन भरात आले असताना रथाच्या चाकाची खीळ निसटली, आणि शेजारी बसलेल्या कैकेयीने क्षणाचाही विलंब न करता आपला हात खिळीच्या जागी घातला. राजा बचावला. त्याने दोन वर दिले, आणि पुढे त्या वरांपायी रामाला चौदा वर्षे वनवास घडला. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला कैकेयीचा राग यायचा. आता वाटते, की आधी राग यायला हवा तो त्या सारथ्याचा. रथ रणांगणावर नेण्यापूर्वी त्या गृहस्थाने खीळ नीट पाहिली का नाही?

मी कॉलेजात मराठी शिकवतो. यंत्रांशी माझा संबंध चष्म्याचा स्क्रू पिळण्यापुरता. मग मोटारीच्या चाकावर मी काय म्हणून बोलावे? कारण एवढेच, की गेल्या दिवाळीत तो सारथी मीच होतो.

भाऊबीज आटोपून धाकटी बहीण, दाजी आणि दोन मुले माझी गाडी घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला निघायची होती. आदल्या संध्याकाळी पुढचे चाक पंक्चर झाले. मी स्टेपनी बसवली आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पान्यावर उभा राहून नट आवळले. घट्ट ते भक्कम, अशी माझी समजूत. तीन नट आवळून झाले. चौथा जरा कुरकुरला आणि एकदम हलका होऊन नुसता फिरू लागला. त्याचे आटे गेले होते. अंधार पडला होता, घरात फराळाची ताटे मांडली होती. मनाशी म्हटलं, तीन आहेत की! आणि कोणाला काही न सांगता हात धुऊन मोकळा झालो.

रात्री झोप लागली नाही. सकाळी मंडळी निघाली तेव्हाही बोलायचा धीर झाला नाही. मुलांसमोर आपले अज्ञान कबूल करायची लाज, दुसरे काय? पण कुंभार्ली घाट डोळ्यांसमोरून हलेना. तासाभराने दाजींना फोन लावला. ते नुकतेच पाटणला पोचले होते. "दाजी, गाडी थांबवा आणि पुढचं डावं चाक बघा," एवढंच म्हटलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "दादा, एक नट तर नुसता फिरतोय, पण त्याच्या शेजारचाही बोटांनी फिरतोय हो!" माझे हातपाय गार पडले. मंडळी एस.टी.ने पुढे गेली. गाडी पाटणलाच दाजींच्या चुलत्यांच्या अंगणात राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचलो. चुलत्यांच्या शेजारी एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी चाक पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मास्तर, नट कसे आवळता?" मी सांगितले. ते म्हणाले, "मग नटाची चूक नाही."

अण्णांनी जे समजावले ते आधी सांगतो, कारण सगळे मर्म त्यात आहे. चाक नटबोल्टावर टांगलेले असते असे आपल्याला वाटते. तसे ते नसते. हबमध्ये घट्ट बसवलेली जी आटे पाडलेली पोलादी दांडी असते, तिला स्टड म्हणतात. नट आवळला की ही दांडी किंचित ताणली जाते, आणि ताणलेल्या रबराप्रमाणे मूळ जागी येऊ पाहते. या ओढीने चाक हबवर दाबून धरले जाते, आणि त्या दाबामुळे होणाऱ्या घर्षणाने चाक जागच्या जागी राहते. नट सैल असेल तर दाब नाही. पण प्रमाणाबाहेर आवळला तर पोलाद कायमचे लांबते किंवा आटे सोलले जातात, आणि मग ओढच उरत नाही. म्हणजे अतिघट्ट हे सैल होण्याचेच दुसरे रूप!

हिशेब करून पाहा. पाना फूटभर लांब, माझे वजन 70 किलो. त्याच्या टोकावर मी उभा राहिलो की सुमारे 200 न्यूटन-मीटर इतका पीळ बसतो. लहान मोटारींना लागतो साधारण 80 ते 110. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. माझी पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच निघाली नव्हती. विद्यार्थ्यांना मूळ ग्रंथ वाचा म्हणून सांगणारा मी!

आता कामाकडे वळू. बाजारातून स्टड आणि नट आणताना गाडीचे नाव आणि साल सांगावे. नुसते 12 मिलिमीटर म्हणून भागत नाही. मारुतीच्या लहान गाड्यांत दोन आट्यांमधले अंतर 1.25 मिलिमीटर, तर ह्युंदाई गाड्यांत 1.5 असते. दिसायला भाऊभाऊ, पण एकाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवला तर दोघेही वाया जातात. शिवाय एका चाकाचे दोन स्टड गेले असतील तर उरलेलेही बदलावेत. गेलेल्यांचा भार त्यांनी सोसलेला असतो.

गाडी सपाट, टणक जागी घ्यावी, गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगड लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करून मग जॅक लावावा. गाडी उचलल्यावर खाली लोखंडी घोडी हवीच. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. आमचा आटे गेलेला नट निघेना, नुसता फिरे. अण्णांनी बाकीचे नट काढले, मला चाक बाहेरच्या बाजूला ओढून धरायला लावले आणि पाना फिरवला. ताण मिळाल्यावर उरलेसुरले आटे पकडले आणि नट बाहेर आला.

मग ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर बांधला. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. नळी आतून फाटली तर बाहेरून कळत नाही. डिस्क काढली. आता स्टड मागे ढकलायचा. मी उत्साहाने हातोडा उचलला. अण्णा म्हणाले, "ठेवा तो. घाव स्टडावर घालाल, पण तो बसेल बेअरिंगला." त्यांनी स्टिअरिंगचा सांधा सोडवायचा पुलर लावून स्क्रू पिळला. 'टक्' असा आवाज झाला आणि जुना स्टड मागे सरकला. त्याचे डोके हबच्या मागच्या बाजूला असते, म्हणून हब फिरवून ते निघायला मोकळी जागा शोधावी लागते. काही गाड्यांत ती जागाच नसते. हब उतरवून प्रेसवर न्यावा लागतो. तिथे घरच्या घरी खटपट करू नये. ते काम गॅरेजचे.

नव्या स्टडच्या मानेवर बारीक उभे दाते असतात. ते भोकातल्या खाचांशी जुळवून स्टड मागून घालायचा, समोरून त्यावर चारपाच जाड वॉशर चढवायचे, वॉशरच्या मध्ये थोडे ग्रीस लावायचे आणि एक जुना नट उलटा, म्हणजे सपाट बाजू आत करून, सावकाश आवळायचा. नट फिरतो तसा स्टड आत ओढला जातो. मागे बॅटरीचा उजेड टाकून डोके हबला सर्व बाजूंनी टेकले की नाही ते पाहायचे. किंचितही फट राहिली तर ती पुढे रस्त्यावर मिटते आणि नट आपोआप सैल होतो. ज्या नटाने हे ओढकाम केले तो पुन्हा चाकाला लावू नये.

वॉशर काढून आटे कोरडे पुसले. तिथे तेल लावायचे नाही, कारण घर्षण कमी झाले की तेवढ्याच पिळात दांडी जास्त ताणली जाते. डिस्क आणि कॅलिपर जागच्या जागी बसवून, गंज घासून चाक चढवले. निमुळती बाजू आत करून नट प्रथम हाताने फिरवले, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले. शेवटचा पीळ चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क रेंचने. ठरलेल्या आकड्यावर रेंच 'कट्' असा आवाज करतो. मी सवयीने आणखी थोडा जोर लावणार, तोच अण्णांनी हात धरला. "मास्तर, तो म्हणाला ना पुरे?"

निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल चारदोन वेळा दाबून ते टणक लागते याची खात्री केली. कऱ्हाडला पोचून नट पुन्हा तपासले. नवे स्टड बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरांनी हे करावेच.

त्या रात्री बहिणीला फोन करून आदल्या संध्याकाळची सगळी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, तेव्हाच सांगितलं असतंस, तर एक रात्र आणखी राहिलो असतो. मुलं राहायचं म्हणतच होती." स्टड आणि नट मिळून काही शेकड्यांत काम भागले होते. हे वाक्य मात्र मला फार महाग पडले.

श्रोतेहो, आपल्या गाडीचा नट असा नुसता फिरू लागला तर ती तिथेच थांबवा, आणि घरच्यांना सांगा. दर वेळी कैकेयी शेजारी बसलेली असेलच असे नाही.