हाडाला मानवेल असा धातू

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटीचं नाव ४ सप्टेंबर २०२२ रोजी देशभर पोहोचलं. तिथल्या सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. रस्त्यावरच्या अपघातांतून जे वाचतात त्यांची मात्र बातमी होत नाही. मांडीत रॉड, नडगीवर प्लेट घेऊन ती माणसं घरी परततात. मी धातुशास्त्र शिकवतो, म्हणून त्या रॉडविषयी बोलतो.

साधं लोखंड इथे चालत नाही. डहाणूच्या खाऱ्या हवेत खिडकीच्या गजांचं काय होतं ते आपण पाहतोच. शरीरातला द्रवही खारटच. म्हणून क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम घातलेलं '३१६ एल' हे पोलाद किंवा टायटॅनियम वापरतात.

पण गंजाहून मोठी अडचण ताठपणाची. पोलाद हाडाच्या दहापट, किंबहुना अधिकच ताठ. हाड जिवंत असतं; भार पडेल तिथे ते भरतं, भार गेला की विरळ होतं. सगळा भार प्लेटनेच पेलला तर तिच्याखालचं हाड आळसावतं म्हणा ना! मजबूत तेवढं चांगलं, हा बाजारातला हिशेब इथे लागू पडत नाही. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा. शिवाय हाड त्याला आपलंसं करतं. १९५० च्या दशकात स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना परत काढताच येईना.

सांध्यात घर्षणही आलं. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी ही जोडी रूढ केली. पुढे वाटीही धातूची केली तर झीज घटेल, असं वाटलं. अशाच एका खुब्यातून कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटून भोवतालचं मांस बिघडू लागलं आणि २०१० मध्ये तो जगभरातून मागे घ्यावा लागला. भारतातही हजारो रुग्णांना तो बसवलेला होता. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची परीक्षा पुरेशी नसते. रुग्णांची वर्षानुवर्षं विचारपूस व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बरंच संशोधन चाललंय ते शरीरात जिरणाऱ्या पदार्थांवर. मॅग्नेशियमचा स्क्रू हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो, मग विरून जातो. अवघड आहे ते वेळेचं गणित. लवकर विरला तर हाड सुटतं, आणि विरताना हायड्रोजन वायूही तयार होतो. युरोपात २०१३ पासून असे स्क्रू छोट्या हाडांसाठी वापरात आहेत.

चारोटी-कासा भागातल्या मजुराला याचं काय? डॉक्टरांनी प्लेट काढायला सांगितली, तर त्याला दुसरं ऑपरेशन, पुन्हा अंथरूण आणि बुडालेली मजुरी. ऐन भातलावणीत ते कोणाला परवडणार? त्याच्या मांडीचा भार पेलेल आणि काम झाल्यावर जिरेल, असा रॉड अजून तयार व्हायचा आहे.